हात मोडला होता, मग उचलला कसा?

प्रश्न : ताई, मी मानेवाड्याला राहतो. आठवड्यातून एकदा पहाटे उठून मी, माझा मुलगा आणि आमचे आबाजी अमेरिकेतल्या कुस्तीचा कार्यक्रम थेट पाहतो. यावेळचा भाग मात्र तिघांनाही आवडला नाही. सुरुवातीला बराच वेळ माईकवर भांडण, मग मागच्या आठवड्याचीच दृश्यं. मुख्य लढतीत तिसराच पैलवान मधे घुसला आणि डिसक्वालिफिकेशन, म्हणजे नियम मोडला म्हणून लढत तिथेच संपली. मुलगा तर झोपूनच गेला. तरुणपणी आखाड्यात जाणारे आबाजी जोडीच्या लढतीत एवढंच बोलले, ‘याचा हात मोडला होता नं? मंग त्याच हातानं कसा काय उचलून राहिला?’ मी म्हटलं, हे सगळं ठरवलेलंच असतं. पण माझं उत्तर मलाच पटलं नाही. भाग खरंच पडेल होता, की आमचंच मन उडालं?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : भाग पडेलच होता. मीही तो पाहिला होता, आणि तुमचं पत्र आल्यावर ती जोडीची लढत पुन्हा लावली. आबाजींनी नेमकं बोट ठेवलं आहे.

लाल चड्डीवाल्याचा डावा हात रिंगच्या लोखंडी खांबावर आपटतो, इथपर्यंत काम सुरेख आहे. हात पोटाशी धरून तो खाली घसरतो, बोटं उघडून-मिटून पाहतो. जोडीदाराला आपल्या जागी आत बोलवायला, टाळी द्यायला उजवा हात लांबवतो, तर विरोधक त्याला पायाला धरून मागे ओढतो. लोकांचा आवाज चढत जातो. मग जाहिरात. परत येऊन पाहतो तर हाच गडी त्याच डाव्या हाताच्या जोरावर समोरच्याला डोक्यावर उचलतो, आणि खाली ठेवल्यावर हात साधा चोळतही नाही! इतक्या मेहनतीनं उभं केलेलं दुखणं एका क्षणात वाया गेलं.

लागलेला मार अंगावर वागवणं, याला या धंद्यात ‘सेलिंग’ म्हणतात. निकाल ठरलेला असतो हे आपल्याला शाळेतच कळलं होतं, तरी आपण पाहत राहिलो ते यामुळेच. आपल्या झाडीपट्टीत रात्रभर नाटक चालतं. शेवट ठाऊक असला तरी दुसऱ्या अंकात लंगडणारा नट तिसऱ्यात धावायला लागला, तर वडशाचा प्रेक्षक त्याला सोडेल का? म्हणून ‘ठरवलेलंच असतं’ हे आबाजींच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. ठरवलेलं आहे म्हणूनच ते नीट ठरवायला हवं होतं.

मुख्य लढतीचा राग मला जास्त आला. डिसक्वालिफिकेशननं विजेतेपदाचा पट्टा हातचा जात नाही, म्हणून लिहिणारे ही पळवाट वापरतात. विजेत्याचा पट्टा शाबूत, आव्हान देणाराही चीत झाला नाही, दोघंही पुढच्या मोठ्या कार्यक्रमासाठी राखलेले. कधीतरी चालतं. पण त्या एका भागात तीन लढती बाहेरच्या माणसानं येऊन मोडल्या. तिसऱ्यांदा मधे घुसणाऱ्याचं संगीत वाजलं तेव्हा समालोचक ओरडत होते आणि प्रेक्षक खुर्च्यांवर बसून होते.

बोलण्याला माझा विरोध नाही. चांगलं भांडण झालं तर लढतीला धार येते. पण वेळ भरायचा असला की बोलणं पाणी घातल्यासारखं होतं. ‘रॉ’ या दर आठवड्याच्या अमेरिकी कुस्ती कार्यक्रमाचंच पाहा. जानेवारी १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन सेंटरमधून तो सुरू झाला तेव्हा एक तासाचा होता, आणि पहिल्याच भागात चार लढती बसवल्या होत्या. १९९७ मध्ये त्याचे दोन तास झाले, २०१२ मध्ये तीन. इतके तास दर आठवड्याला भरायचे म्हणजे मागची दृश्यं उगाळणं आलंच.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. दुसरी, जेमतेम पाच मिनिटांची महिलांची लढत चांगली होती. कोणी मधे आलं नाही, खांदे टेकले, तीन मोजले, संपलं. हरलेली मुलगी बाहेर जाईपर्यंत मान धरून चालत होती.

मुलाचं मन उडू नये असं वाटत असेल तर एखाद्या रविवारी तर्री-पोहे आणा आणि तिघं मिळून २००९ च्या पंचविसाव्या रेसलमेनियातली (या कुस्तीचा वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम) शॉन मायकल्स आणि अंडरटेकरची लढत पाहा. अर्ध्या तासाची आहे. अंडरटेकर रेसलमेनियात तोवर एकदाही हरलेला नव्हता. त्यानं दोरांवरून बाहेर झेप घेतली आणि जमिनीवर असा पडला की पंचांचे दहा आकडे पूर्ण होण्याआधी जेमतेम आत आला. त्यानंतरचं त्याचं जड झालेलं चालणं पाहा. आणि टूमस्टोन हा अंडरटेकरचा हुकमी डाव खाऊनही मायकल्स खांदा उचलतो, तेव्हा अंडरटेकरचे विस्फारलेले डोळे पाहा. तो आता हरणार, असं मला त्या वेळी खरंच वाटलं होतं.

आबाजींना माझा नमस्कार सांगा. त्या लढतीत त्यांना काही खटकलं, तर तेही कळवा.