सी ही प्रोग्रामिंग भाषा येत नसताना थेट रस्ट ही भाषा शिकायला घेतली तर चालेल का? सुरुवात कुठून करू?

चालेल. बिनधास्त सुरू करा. "आधी सी नीट घासून ये, मग रस्टचं बोल" हे मी नोकरीत इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

मी तेव्हा एका सी++ सर्व्हिसवर काम करत होते. एरवी ती व्यवस्थित चालायची, पण गर्दी वाढली की मधेच कोसळायची. टेस्टमध्ये कधीच नाही, आणि क्रॅशची जागा दर वेळी वेगळी. आमच्या सीनियरचं ठाम मत की नेटवर्कचा घोळ आहे. मला ते पटेना. मी अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून बिल्ड केली, मुद्दाम भरपूर लोड सोडला आणि रिपोर्ट आला: सोडून दिलेली हीप मेमरी (प्रोग्राम चालू असताना मागून घेतलेली जागा) पुन्हा वाचली जातेय.

कोड दिसायला साधा होता. चालू सेशन्स एका व्हेक्टरमध्ये, म्हणजे गरजेप्रमाणे वाढणाऱ्या यादीत. त्यातल्या एका सेशनचा रेफरन्स (म्हणजे मेमरीतला पत्ता) धरायचा, एक फंक्शन बोलवायचं, आणि मग तोच रेफरन्स पुढे वापरायचा. त्या फंक्शनच्या पोटात, दुसऱ्याच फाइलमध्ये, गरज पडली तर त्याच व्हेक्टरमध्ये नवीन सेशन पुश व्हायचं. व्हेक्टरची कपॅसिटी (आधीच राखलेली जागा) शिल्लक आहे तोवर काहीच बिघडत नाही. ती संपली की तो मोठी जागा घेतो, सगळे घटक तिकडे हलवतो आणि जुनी जागा सोडून देतो. आपल्या हातातला रेफरन्स मात्र जुन्याच पत्त्यावर राहतो. टेस्टमध्ये सेशन्स मोजकी, त्यामुळे कपॅसिटी कधी संपायचीच नाही. नवीन सेशन्स वेगळ्या यादीत गोळा करून काम झाल्यावर जोडली, क्रॅश थांबला.

मग मी तीच रचना रस्टमध्ये लिहून पाहिली. कंपाइलच झाली नाही. एरर ई०५०२, आणि खाली कोडमधल्या जागांवर बोट ठेवलेलं: इथे तुम्ही वाचण्यासाठी उसनं घेतलंत, इथे तेच बदलण्यासाठी मागताय, आणि पहिलं उसनं इथे पुन्हा वापरताय. फंक्शन व्हेक्टर बदलणार आहे हे त्याच्या सिग्नेचरमध्येच (फंक्शनच्या घोषणेच्या ओळीत) लिहावं लागतं, त्यामुळे कंपायलरला दुसरी फाइल उकरावी लागत नाही. मी ती स्क्रीन सीनियरला दाखवली. ते म्हणाले, "ज्याला पॉइंटर कळतात त्याला असली भाषा लागत नाही." अहो, ती फाइल पॉइंटर (मेमरीतले पत्ते) कोळून प्यायलेल्या माणसानेच लिहिली होती!

मला हेच सांगायचंय. बॉरो चेकर, म्हणजे हे उसनं तपासणारा कंपायलरचा भाग, इथे जी चूक पकडतो ती सी आणि सी++ मध्येही चूकच असते, फक्त तिथे कंपायलर ती सहसा सांगत नाही. मग नवख्या माणसाने आधी तिथे जाऊन ठेचा का खाव्यात? स्टॅक (चालू फंक्शनची तात्पुरती जागा), हीप, पत्ता या गोष्टी रस्टमध्येही तितक्याच उघड दिसतात. एक स्ट्रिंग घ्या. ६४ बिट मशीनवर स्टॅकवर तिचे २४ बाइट असतात: पॉइंटर, लांबी, कपॅसिटी. अक्षरं हीपवर. ती दुसऱ्या व्हेरिएबलला दिली की हे २४ बाइट तिकडे जातात आणि पहिलं व्हेरिएबल बाद होतं. तरीही वापरलंत तर ई०३८२. बाद केलं नसतं तर दोघांनी मिळून एकच मेमरी दोनदा सोडली असती. एवढं कळलं की ओनरशिपचं, म्हणजे एका मेमरीचा एकच मालक या नियमाचं, मूळ कळलं.

सुरुवातीचं म्हणाल तर रस्टअप (रस्ट बसवणारा इन्स्टॉलर) टाका, कार्गोने (सोबत येणाऱ्या बिल्डच्या साधनाने) प्रोजेक्ट बनवा, अधिकृत पुस्तक फुकट आहे, त्यातलं ओनरशिपवरचं चौथं प्रकरण अजिबात घाई न करता वाचा. सोबत रस्टलिंग्जचे छोटे सराव करा. एररचा ढीग आला तर वरची पहिली तेवढी वाचा, बाकीच्या बऱ्याचदा तिच्यामुळेच आलेल्या असतात. कोड क्रमांक कळला नाही तर कंपायलरलाच एक्सप्लेन करायला सांगा, उदाहरणासकट समजावतो. पहिला प्रोग्राम फाइल वाचून शब्द मोजणारा असू दे. लिंक्ड लिस्ट (एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या नोड्सची साखळी) नको! दोन्ही दिशांच्या लिस्टमध्ये एका नोडकडे दोन बाजूंनी बोटं असतात, म्हणजे एकच मालक या नियमाशी सरळ टक्कर. असिंकही (वाट बघावी लागणारी अनेक कामं एकत्र चालवायची पद्धत) नंतर.

आणि क्लोन, म्हणजे मूल्याची वेगळी कॉपी, खुशाल वापरा. "क्लोन मारणं म्हणजे पळवाट" हेही त्याच सीनियरचं वाक्य. शब्द मोजणाऱ्या प्रोग्राममध्ये चार स्ट्रिंग कॉपी झाल्याने काय होतंय? आधी चालू दे, मग मोजा, मग कमी करा.

"नवीन भाषा, उद्या टिकेल का" ही भीतीही सोडा. ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये तिच्यावर काम सुरू केलं, १.० आवृत्ती मे २०१५ मध्ये आली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल (त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ६.१ मध्ये रस्टचा पाया घातला गेला.

हां, रस्ट सगळं पकडते असं नाही. डेडलॉक (दोन कामं एकमेकांची वाट बघत अडकणं) होऊ शकतो, मेमरी लीक (न सोडलेली मेमरी साचत जाणं) होऊ शकते, चुकीचा इंडेक्स दिलात तर प्रोग्राम पॅनिक होतो, म्हणजे तिथेच थांबतो, आणि अनसेफ ब्लॉकमध्ये (जिथे कंपायलरच्या काही तपासण्या नसतात) जबाबदारी तुमची. मोठा प्रोजेक्ट कंपाइल व्हायला वेळही खातो. मायक्रोकंट्रोलरवर काम करायचं असेल तर चिप बनवणाऱ्यांच्या बऱ्याच लायब्रऱ्या सीमध्येच मिळतात, कर्नलचा बहुतेक कोडही सीमध्येच आहे, तेव्हा तिथे सी लागेलच. पण ती तेव्हा शिका. मेमरीचा मालक कोण, हे विचारायची सवय असली की मॅलॉक आणि फ्री (सीमध्ये मेमरी घ्यायची आणि सोडायची फंक्शन्स) अंगवळणी पडायला फार वेळ लागत नाही. बॉरो चेकरशी सगळ्यात जास्त भांडताना मी पाहिलीत ती सीमध्ये मुरलेलीच माणसं.