पिंजऱ्यातलं खाद्य आणि बॅरेजचं साचलेलं पाणी

प्रश्न १ (शहादा तालुक्यातील तापीकाठचे शेतकरी) : बॅरेजच्या फुगवट्यात आमच्या गावाच्या वरच्या अंगाला मत्स्यपालनाचे दहा पिंजरे आहेत. एप्रिल लागला की पाणी हिरवं होतं, नळाला वास येतो, पहाटे काठाला मेलेले मासे लागतात. त्या खाद्यात विष असतं का?

प्रश्न २ (पिंजरे टाकणारा गट) : आमना पंगस मासा ठणठणीत शे, मंग दोष आमना कसा?

पत्रं दोन, पाणी एकच, म्हणून उत्तर एकत्रच देतो.

विष नाही. खत आहे. तरंगत्या गोळी खाद्यात साधारण २८ टक्के प्रथिनं असतात, म्हणजे एका टनात सुमारे ४५ किलो नत्र. माशाच्या अंगी त्यातलं निम्मंही लागत नाही. उरलेलं विष्ठेतून, कल्ल्यांतून अमोनिया होऊन आणि न खाल्लेल्या गोळ्यांतून पाण्यात उतरतं.

दहा पिंजऱ्यांत मिळून ३० टन मासा निघतो असं धरू. किलोभर माशाला दीड किलो खाद्य लागलं, तर ४५ टन खाद्य होतं आणि माशाच्या अंगी लागलेलं वजा जाता जवळपास १,२५० किलो नत्र नदीत जातं. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र असतं, म्हणजे साठ गोण्या झाल्या! हेच प्रमाण १.८ वर गेलं की गोण्या ऐंशी. वरून जादा नऊ टन खाद्याचे पैसे पाण्यात, ते वेगळेच. स्फुरद यात धरलेलंच नाही.

पावसाळ्यात तापी हे वाहून नेते. बॅरेजचे दरवाजे बंद झाले की प्रकाशा काय, सारंगखेडा काय, नदी राहत नाही, तळं होतं. नत्र-स्फुरदावर शेवाळ फुगतं. दिवसा ते ऑक्सिजन सोडतं, रात्री स्वतःच ओढतं. पहाटे लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या खाली ऑक्सिजन गेला की रोहू-कटला तडफडतात. पंगस मात्र पृष्ठभागावर येऊन हवेतला ऑक्सिजनही घेऊ शकतो. म्हणून तुमचा ठणठणीत राहतो आणि भोई बांधवांच्या जाळ्यातला मरतो. पंगस ठीक, म्हणून पाणी ठीक, असं समजू नका.

गावकऱ्यांनीही एक लक्षात घ्यावं. केळी-उसाच्या शेतातून वाहून येणारा युरिया आणि गावाचं सांडपाणी याच पाण्यात येतं. सगळा दोष पिंजऱ्यांच्या माथी मारता येणार नाही.

पिंजऱ्याचा वाटा किती, ते तळ सांगतो. लांब बांबू पिंजऱ्याखालच्या गाळात खुपसून वर काढा. टोकाला काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा चिखल आला, तर खाली खाद्य कुजतंय. पन्नास पावलं लांब पुन्हा खुपसा. तिथला गाळ मातकट निघाला, तर दुसरा पुरावा शोधायला नको.

गटाने आता खाद्य घड्याळाने नव्हे, भुकेने द्यावं. पाइपाचं तरंगतं कडं करून त्यात गोळ्या टाका. पंधरा-वीस मिनिटांनी उरल्या, तर पुढच्या वेळी हात आखडता घ्या. गोणीच्या तळाचा चुरा चाळून काढा. तो माशाच्या तोंडी लागत नाही, सरळ जाळीतून खाली जातो. डिसेंबर-जानेवारीत धुळे-नंदुरबारकडे गारठा पडतो, पाणी २० अंशांखाली गेलं की मासा खाणं टाकतो. तेव्हाही ठरलेलं माप ओतणारे बघितलेत. ढगाळ पहाटे खाद्य बंदच ठेवा. जाळीचा तळ आणि नदीचा तळ यांत उन्हाळ्यातही तीन मीटर पाणी हवं. एक पीक निघालं की पिंजरे सरकवा. मेलेला मासा नदीत नाही, चुना घालून खड्ड्यात.

नळाच्या पाण्याचं वेगळं आहे. अमोनिया क्लोरीन खातो. नेहमीएवढी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकूनही ओटी टेस्टला, म्हणजे थेंब टाकून केलेल्या क्लोरीनच्या तपासणीला, पिवळा रंग येत नसेल, तर पाणी निर्धोक समजू नका. उन्हाळ्यात ही तपासणी शेवटच्या नळावर रोज करा. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा.

आणि नदीतला ऑक्सिजन मोजायचा तर जागेवरच, दिवस उगवायच्या आत. दुपारी मोजलात तर शेवाळाच्या कृपेने आकडा झकास येईल आणि दोन्ही पक्ष पुन्हा भांडायला मोकळे.