रासायनिक आणि किरणोत्सर्गी असा मिसळलेला कचरा ओळखायचा कसा, आणि त्याला नियम कोणाचा लागतो?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "मीटर फिरवला की कळतंच, मग अडतं कुठे?" याच वाक्यावरून नागपुरात माझं एका साहेबांशी वाजलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

मी एका संस्थेच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. जुनी इमारत रिकामी करायची निघाली आणि निर्लेखन समिती, म्हणजे निरुपयोगी सामान यादीतून काढून टाकणारी समिती, बसली. जिन्याखालच्या खोलीत पत्र्याचं कपाट होतं, त्यात ट्रेमध्ये उभ्या लावलेल्या काचेच्या छोट्या कुप्या. आतलं द्रव पिवळं पडलेलं, काही झाकणं चिरलेली, दार उघडलं की टोल्यूइन या द्रावकाचा वास थेट डोक्यात. झाकणांवर कोणीतरी मार्करने लिहून ठेवलं होतं, त्यातलं 'एच-३', म्हणजे ट्रिशियम, हायड्रोजनचं किरणोत्सर्गी रूप, तेवढं काहींवर वाचता येत होतं. समितीच्या यादीत नोंद काय, तर 'काचेच्या बाटल्या, जुन्या, निरुपयोगी'.

साहेबांनी कुठूनसा गायगर मीटर, म्हणजे किरणोत्सर्ग दाखवणारं यंत्र, मागवला, कुप्यांवरून फिरवला. काटा हलला नाही. "काहून डोकं खाता भाऊ, झिरो दाखवून राह्यला ना! द्या कबाडीवाल्याले."

झिरोच दाखवणार. ट्रिशियमचे बीटा कण इतके मरतुकडे, की कुपीची काच राहू द्या, मीटरच्या नळीची खिडकीसुद्धा त्यांच्याने ओलांडवत नाही. ते मोजायला सिंटिलेशन काउंटर लागतो, म्हणजे नमुना टोल्यूइनसारख्या द्रवात मिसळून त्यात उमटणाऱ्या प्रकाशाच्या चमका मोजणारं यंत्र, आणि आमचा काउंटर त्याच यादीत पुढच्या ओळीवर होता: 'इलेक्ट्रॉनिक यंत्र, बंद'. अशा बऱ्याच यंत्रांच्या पोटात तपासणीसाठी सीझियमचा वगैरे बारीकसा किरणोत्सर्गी स्रोत असतो, हे सांगितलं तर समितीतले एक जण हसले. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारातला किरणोत्सर्गाचा अपघात होऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता. दिल्ली विद्यापीठात १९८५ पासून बंद पडलेला गॅमा सेल, म्हणजे नमुन्यांवर गॅमा किरण सोडायचं यंत्र, २०१० मध्ये असाच लिलावातून भंगारात गेला. आत कोबाल्ट-६० होता, एक माणूस जिवानिशी गेला. तिथेही यादीवर कोणीतरी सही केलीच असणार. मी केली नाही. कपाटाला कुलूप लागलं, पत्रव्यवहार सुरू झाला, आणि त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात माझ्या नावापुढे 'सहकार्याची वृत्ती नाही' असा शेरा आला. शेरा खरा होता म्हणा.

आता नियमाचं. त्या कुपीत दोन भानगडी एकत्र आहेत. टोल्यूइन विषारी, वर पेट घेणारं. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते तो, ४ अंश सेल्सियसच्या आसपास, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. दुसरीकडे त्यात ट्रिशियम नाहीतर कार्बन-१४, दोन्ही किरणोत्सर्गी. धोकादायक कचऱ्याचे २०१६ चे नियम सुरुवातीलाच हात झटकतात, की अणुऊर्जा कायदा, १९६२ खाली येणारा किरणोत्सर्गी कचरा आमच्यात धरायचा नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियमही तसेच. म्हणजे बुटीबोरीच्या धोकादायक कचऱ्याच्या केंद्राला पाठवता येत नाही, पिवळ्या-लाल पिशवीत टाकता येत नाही. तो जातो १९८७ च्या किरणोत्सर्गी कचऱ्याच्या नियमांखाली, अणुऊर्जा नियामक मंडळाकडे. मग त्यातल्या टोल्यूइनचा वाली कोण? अमेरिकेने १९९२ मध्ये मिश्र कचऱ्याची व्याख्याच कायद्यात घातली. तिथे त्याला दोन्ही कायदे एकदम लागतात. सिंटिलेशनच्या द्रवात ट्रिशियम किंवा कार्बन-१४ ग्रॅममागे १.८५ किलोबेकरेलपर्यंतच (बेकरेल हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक) असेल तर तिथे किरणोत्सर्गाचा मुद्दा सोडून देतात, टोल्यूइनचा मात्र सोडत नाहीत. आपल्याकडे अशी स्वतंत्र वर्गवारी नाही, आणि ती हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

ओळखायचं म्हणाल, तर कचरा तयार होतो त्याच दिवशी, आणि तो करणाऱ्यानेच. कोणतं समस्थानिक (म्हणजे मूलद्रव्याचं कोणतं रूप, ट्रिशियम की कार्बन-१४), किती, तारीख, कशात विरघळलंय, एवढं चिठ्ठीवर हवं. फॉस्फरस-३२ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, साधारण १४ दिवसांचं. तो वेगळा ठेवला आणि दहा अर्धायुष्यं जाऊ दिली, की जेमतेम हजारावा हिस्सा उरतो, मग भांडण फक्त रसायनाशी. तोच आळसाने कार्बन-१४ च्या डब्यात ओतलात, तर ५७३० वर्षांच्या अर्धायुष्याचं लोढणं गळ्यात. बहुतेक प्रयोगशाळांत नेमका हाच आळस होतो. सिंकजवळ एकच डबा असतो आणि सगळे त्यातच ओततात.

मीटर कुचकामी आहे असं मात्र समजू नका. कोबाल्ट, सीझियम, आयोडीन-१३१ यांना आधी तोच पकडतो. हल्लीची बरीचशी सिंटिलेशन द्रवं टोल्यूइनची नसतात, तेव्हा तुमच्या बाटलीवरचं लेबल वाचा. नियमांत दुरुस्त्याही होत असतात. सध्याचं काय ते विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याकडून लेखी घ्या, तोंडी नको.

आणि एक. समस्थानिकांच्या खरेदीची बिलं आणि त्या काळच्या प्रयोगवह्या 'जुने अभिलेख' म्हणून रद्दीत जाऊ देऊ नका. आमच्या लेखा शाखेने बिलं कधीचीच रद्दीत घातली होती. कुप्यांत काय आहे ते शेवटी एका जुन्या विद्यार्थिनीच्या प्रयोगवहीवरून कळलं, आणि ती वही रद्दीतून बचावली कशी, तर कपाट डुगडुगतं म्हणून शिपायाने ती पायाखाली सारली होती.