नोटरीच्या कागदावर बाळ आपलं होत नाही

प्रश्न : माझं वय 44, पत्नीचं 39. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. ओळखीतल्या एका प्रसूतिगृहातून अविवाहित आईचं बाळ ‘थेट’ मिळेल, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केली की झालं, असं एक जण सांगतो. जन्मदाखल्यावर आमचीच नावं लावून देतो म्हणतो. पुढे अडचण येईल का?

उत्तर : येईल, आणि तीही पहिल्या दिवसापासून. नोटरी फक्त सही तुमचीच आहे एवढं सांगते, तिने मूल दत्तक जात नाही. दाखल्यावर जन्मदाते म्हणून तुमची नावं लावणं ही सरळ बनवाबनवी आहे. पैसे दिले-घेतले तर बालन्याय कायद्याखाली ती मुलाची विक्री धरली जाते आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीची आहे.

त्या आईला बाळ सांभाळणं शक्य नसेल, तर तिने बालकल्याण समितीपुढे ते स्वाधीन करायचं असतं. त्यानंतर तिला फेरविचाराला 60 दिवस मिळतात. म्हणून ‘उद्याच घेऊन जा’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. शिवाय ते बाळ तुम्हालाच मिळेल असं नाही. ते नोंदणी केलेल्या पालकांच्या यादीतल्या क्रमाने जातं.

तुम्ही ‘कारा’च्या (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या) पोर्टलवर नोंदणी करा, लवकर करा. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दोघांच्या वयांची बेरीज 85 च्या आत लागते. तुमची आज 83 आहे, आणि ती दरवर्षी दोनाने वाढते! पॅन, जन्म-रहिवास-उत्पन्नाचे पुरावे, विवाह दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र 30 दिवसांत चढवा. अर्ज बहुतेकदा इथेच अडकतात. मग समाजसेवक घरी येऊन गृहअभ्यास अहवाल करतात. तो अहवाल तीन वर्षं ग्राह्य राहतो. बाळाची माहिती आली की राखून ठेवायला 48 तासच असतात, तेव्हा नोंदवलेला मोबाइल बंद ठेवू नका. शेवटचा दत्तक आदेश बालन्याय कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी देतात.

प्रश्न : सख्ख्या बहिणीचा मुलगा दत्तक घ्यायचा आहे. आम्हाला मुलगी आहे. दत्तकहोम करावाच लागतो का?

उत्तर : नाही. दोन्हीकडची माणसं हिंदू असतील तर 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात होम ऐच्छिक आहे; मूल प्रत्यक्ष देणं-घेणं मात्र झालंच पाहिजे. तुम्हाला मुलगी असल्याने मुलगा घेता येतो. मुलगा असता तर या कायद्याने दुसरा घेता आला नसता. मुलगा पंधरा वर्षांच्या आतला हवा, आणि दत्तक घेणारी तुम्ही स्त्री असाल तर त्याच्याहून किमान 21 वर्षांनी मोठ्या. दत्तकपत्रावर देणारे व घेणारे दोघांच्याही सह्या घेऊन ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवा.