तुम्ही विचारा, आम्ही सांगतो: कॅसानोव्हा स्पेशल

प्रश्न: लासे हालस्ट्रॉमचा 'कॅसानोव्हा' (2005) पाहिला. हीथ लेजर मस्तच, पण कोण कुणाला काय थापा मारतंय हे कळेपर्यंत नाकी नऊ आले. जरा उलगडून सांगा ना. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: अहो त्यातच तर मजा आहे! साल 1753, गाव व्हेनिस. कॅसानोव्हा (लेजर) म्हणजे तिथं खरोखर होऊन गेलेला, बायकांना भुलवण्यासाठी बदनाम असलेला माणूस. फ्रान्सेस्काला (सिएना मिलर) कॅसानोव्हाचं नावही ऐकायचं नाही, म्हणून हा पठ्ठ्या तिला सांगतो की मी पाप्रिझिओ, जिनोआचा डुकराच्या चरबीचा व्यापारी, म्हणजे तिचं ज्याच्याशी लग्न ठरलंय पण जो तिनं अजून प्रत्यक्ष पाहिलेलाच नाही तो. मग खरा पाप्रिझिओ टपकतो, तर त्याला स्वतःच्याच घरी ठेवून घेतो आणि म्हणतो मी लेखक बर्नार्डो ग्वार्डी. आता त्या टोपणनावानं लिहितंय कोण, तर फ्रान्सेस्काच! माझ्या मते सिनेमा खरा खाऊन टाकलाय तो पाप्रिझिओ झालेल्या ऑलिव्हर प्लॅटनं, हीरो वगैरे ठीक आहे.

प्रश्न: सिनेमात बलून दिसतो, पण त्या काळी बलून होते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: नाही. माँगोल्फिए बंधूंचा बलून 1783 चा, म्हणजे तब्बल तीस वर्षांनंतरचा. रोमान्ससाठी माफ.

प्रश्न: फ्रान्सेस्का पुरुषाचा वेश करून युनिव्हर्सिटीत वाद घालते, हे जरा जास्तच फिल्मी नाही का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: वेशांतर फिल्मी, पण बाईची हुशारी नाही. व्हेनिसच्याच एलेना कोर्नारो पिस्कोपियानं 1678 मध्ये पादुआ युनिव्हर्सिटीची तत्त्वज्ञानातली डॉक्टरेट मिळवली होती.

प्रश्न: कॅसानोव्हाला खरंच पकडलं होतं का, की सगळं रचलेलं? (एक वाचक, पुणे)

उत्तर: पकडलं होतं, 1755 मध्ये. आणि खरं सांगू, यावर सिनेमा काढला असता तर जास्त भारी झाला असता. डोजच्या, म्हणजे व्हेनिसच्या प्रमुखाच्या, राजवाड्यात शिशाच्या छपराखाली कोठडी, उन्हाळ्यात नुसती भट्टी. त्याच्याच आत्मकथनानुसार, पठ्ठ्याला एक लोखंडी दांडा सापडला, तो त्यानं दगडावर घासून टोकदार केला, जमीन पोखरून भोक पाडलं आणि आता निसटायचं तर जेलरनं 'तुम्हाला जरा चांगली खोली देतो' म्हणून त्याला हलवलं! घ्या, नको तेव्हा दया. मग त्यानं तो दांडा जाडजूड बायबलमध्ये लपवला, वर लोण्यात थबथबलेल्या मॅकरोनीची भलीमोठी थाळी ठेवली आणि जेलरच्याच हातून शेजारच्या कोठडीतल्या पाद्र्याकडे पाठवून दिला. जेलर बिचारा लोणी सांडू नये म्हणून थाळीकडे बघत चालला, खाली काय आहे ते बघितलंच नाही. पाद्र्यानं छताला भोक पाडलं आणि 1756 च्या ऑक्टोबरअखेर दोघं छपरावरून पसार. यातलं किती तिखटमीठ लावलेलं ते सोडा, पण तो पळाला हे पक्कं.

प्रश्न: सासूबाईंबरोबर बघता येईल का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर: अमेरिकेत याला आर रेटिंग आहे, म्हणजे छोट्यांना नकोच. सुरुवातीलाच साहेब नन लोकांच्या मठातून पळत सुटतात, तेवढ्या वेळात सासूबाईंना चहा टाकायला सांगू नका, तुम्हीच उठा. पुढे जेरेमी आयर्न्सचा बिशप पुची आला की त्याही हसतील.