लॅब आधी ठरवा, कंटेनर मग घ्या: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेली बारा-तेरा वर्षं मी जहाजावरच्या मालाच्या कंटेनरच्या आत लॅब बसवायचं काम करतोय. आधी पाणी तपासणीच्या केल्या, मग मातीच्या, कोविडमध्ये आरटीपीसीआरच्या. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी आठ घेतलेत, बाकीचे साधारण त्याच विषयांचे होते.

सांगली जिल्ह्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी विचारते: माती आणि पाणी तपासायची फिरती लॅब करायचीय. २० फुटी कंटेनर घ्यावा की ४० फुटी? उरणला एकाने जुना स्वस्तात दाखवलाय, घेऊ का?

२० फुटीच घ्या. ४० फुटी म्हणजे बारा मीटरच्या वर लांबी, त्याला मोठा ट्रेलर लागतो, तो गावात वळत नाही आणि वळला तरी वर लोंबणाऱ्या वायरी असतातच. २० फुटी आतून साधारण ५.९ मीटर लांब आणि २.३५ मीटर रुंद असतो, आता या रुंदीतून दोन्ही बाजूचं इन्सुलेशन वजा करा, म्हणजे हातात राहतात जेमतेम २.२ मीटर, आणि दोन्हीकडे पाऊण-पाऊण मीटरचे ओटे घातले की मधे सत्तर सेंटीमीटरची गल्ली उरते, त्यात एक माणूस ॲसिडची बाटली घेऊन उभा असेल तर दुसऱ्याने मागून जाऊच नये. म्हणून ओटा एकाच बाजूला घ्या आणि समोर फक्त उथळ कपाटं. उंचीला हाय क्यूब, म्हणजे साडेनऊ फुटी मिळाला तर डक्ट आणि लाईट वरून नेता येतात, पण मग ट्रेलरसकट एकूण उंची किती होते ते टेप लावून मोजा आणि तुमच्या रस्त्यावरचे पूल नि वायरी आधी बघून या.

जुना घ्यायला हरकत नाही, पण फोटोवर घेऊ नका. आत जा, बाहेरच्या माणसाला दोन्ही दारं लावायला सांगा आणि मिनिटभर अंधारात उभे रहा. डोळे सरावले की छतातली भोकं चांदण्यांसारखी दिसायला लागतात, पेनाने खूण करून ठेवा. मग दारावरची पाटी वाचा. त्यावर बनवल्याचं वर्ष असतं, कमाल वजन असतं आणि लाकडी भागाला कुठलं कीटकनाशक कधी मारलंय तेही लिहिलेलं असतं. ही ओळ कुणी वाचत नाही. कंटेनरची फरशी म्हणजे २८ मिलिमीटरचं प्लायवूड, ते किडू नये म्हणून औषध मारलेलं असतं, शिवाय आयुष्यभर त्यावर काय काय सांडलं असेल ते कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही पाण्यातल्या कीटकनाशकांचे अंश तपासणार आणि पायाखालची फरशीच कीटकनाशक सोडणार, असं कसं चालेल? प्लाय काढून नवा घाला, नाहीतर इपॉक्सीने पूर्ण सील करून वर व्हिनाईल शीट टाका आणि ते भिंतीवर चार इंच वर चढवून घ्या.

अजून एक. परदेशी कंटेनर भारतात माल घेऊन येतो तो परत जायच्या अटीवर, ड्युटी न भरता. इथे विकायचा तर ड्युटी भरावी लागते. त्यामुळे बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टम्सच्या आयातीच्या कागदाची कॉपी मागा, आणि चार अक्षरं-सात आकडे असा जो नंबर दारावर असतो तोच कागदावर आहे का ते जुळवा. स्वस्तात दाखवलाय म्हणता, तर आधी हाच कागद मागा.

रत्नागिरीहून एक मायक्रोबायॉलॉजीच्या प्राध्यापिका: आमच्या कंटेनरमध्ये पावसाळ्यात भिंतीच्या पॅनेलमागून पाणी झिरपतं. छत दोनदा सील केलं. गळती सापडत नाही.

मॅडम, गळती नसेलच बहुतेक. पत्र्याला घाम येतोय. कोकणात जुलैमध्ये बाहेरची हवा ओलीचिंब असते, तुम्ही आत एसी २२ वर लावता, पॅनेलची मागची बाजू गार पडते, बाहेरची दमट हवा पत्र्याच्या सांध्यांतून त्या पोकळीत शिरते आणि तिथेच तिचं पाणी होतं, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना तसंच. तुमच्या फोटोत डाग छताखालून सुरू होत नाहीयेत, उभ्या पट्ट्यांत आहेत आणि दोन डागांत दोन-दोन फुटांचं अंतर आहे. तिथे पॅनेल धरायला लोखंडी चौकट थेट पत्र्याला वेल्ड केलीय. लोखंड गारवा सरळ बाहेर नेतं, म्हणून घाम नेमका तिथेच.

चौकट आणि पत्र्यामधे लाकडी किंवा रबरी पट्टी पाहिजे, आणि ओलाव्याला अडवणारा थर आपल्या हवेत बाहेरच्या बाजूला लागतो. थंड देशातली ड्रॉइंग बघून आपले लोक तो आतल्या बाजूला लावतात, मग पाणी पोकळीत अडकून बसतं. सगळ्यात चांगलं म्हणजे पोकळीच ठेवायची नाही, पत्र्याच्या पन्हळीत फोम फवारून भरून घ्यायचा. पण जिथे बर्नर, हॉट प्लेट, सॉल्व्हंट आहे तिथे फोमचा नाद नको, रॉकवूलचं, म्हणजे दगडाच्या तंतूंचं पॅनेल घ्या, जड पडतं पण पेटत नाही. आणि पॅनेल उघडाल तेव्हा मागे बुरशी बघा. तुमच्या प्लेटवर मधेच उगवणारी जी बुरशी तुम्ही लिहिलीत ती तिथून येत असण्याची शक्यता मला खूप वाटते.

लातूर: माती तपासणीची कंटेनर लॅब, दीड टनाचे दोन एसी, तरी मे महिन्यात आत ३६ डिग्री. मोठा एसी बसवू का?

नका बसवू. तुमच्या पत्रातलं एकच वाक्य मी तीनदा वाचलं, "दार उघडायला जोर लावावा लागतो." उत्तर त्यातच आहे. फ्युम हूड, म्हणजे ॲसिडचा धूर बाहेर ओढणारं कपाट, चालू असतो ना तेव्हा? तो आतली हवा ओढतो म्हणून दार जड जातं. चार फुटी हूड, काच साधारण चाळीस सेंटीमीटर उघडी आणि तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला तर हूड तासाला साडेआठशे घनमीटरच्या वर हवा बाहेर फेकतो. तुमच्या कंटेनरमध्ये हवा आहेच किती, पंचवीस-सत्तावीस घनमीटर! म्हणजे दोन मिनिटांच्या आत लॅबमधली सगळी गार केलेली हवा चिमणीतून बाहेर आणि तिच्या जागी दाराच्या फटीतून, वायरीच्या भोकातून ४२ डिग्रीची धुळीची हवा आत. एवढी हवा गार करायलाच सव्वा टन एसी लागतो, तेही नुसतं हूडसाठी. मोठा एसी बसवलात तरी तोही बाहेरचं लातूरच गार करत बसेल.

ॲसिडचं डायजेशनचं, म्हणजे नमुना ॲसिडमध्ये तापवून विरघळवायचं काम सकाळी नऊच्या आत उरकायचं, तेवढाच वेळ हूड चालू, आणि काच गरजेपुरतीच वर. हूडच्या शेजारी फिल्टर लावून बाहेरच्या हवेसाठी वेगळी खिडकी द्या म्हणजे हूड खोलीतली गार हवा ओढण्याआधी ती ओढेल. आणि वर छताला दुसरं छत घाला, साधा पत्रा सहा इंच उंच धरून, मधून वारा खेळला पाहिजे. हे खर्चात सगळ्यात स्वस्त आणि फरक पहिल्याच दुपारी कळतो.

तुमच्या फोटोत फ्लेम फोटोमीटरचा गॅस सिलेंडर ओट्याखाली दिसतोय. तो आजच बाहेर काढा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, आणि कंटेनरला खाली कुठेच झरोका नसतो. सिलेंडर बाहेर जाळीच्या पिंजऱ्यात, आत फक्त पाईप, जमिनीलगत दोन जाळ्या, आणि डिटेक्टर गुडघ्याच्या खाली लावायचा, छताला नाही.

चाकणचे एक फॅब्रिकेटर: खिडक्या-दारं किती कापता येतात? रीफर, म्हणजे थंड मालाचा कंटेनर वापरला तर इन्सुलेशनचा खर्च वाचेल ना?

कंटेनरचं वजन पेलतात चार कोपऱ्यांचे खांब, पण उचलताना, हलवताना तो वाकू न देण्याचं काम पन्हळी पत्रा करतो, जाडी असते दीड-दोन मिलिमीटरच. त्यामुळे खांब आणि वरच्या-खालच्या रेलला हात लावायचा नाही, आणि कापलं की लगेच भोवती बॉक्स सेक्शनची चौकट. आधी चौकट ठोकून मग कापलं तर अजून बरं. हायड्रा क्रेनने उचलणार असाल तर चारही कोपऱ्यांच्या कास्टिंगमधूनच, पोटाखाली पट्टा घालून कधीच नाही.

रीफर वापरू शकता, आतून स्टीलचा असतो, धुवायला सोपा. पण त्याच्या भिंतीत फोम आहे हे वेल्डिंगवाल्याला दहा वेळा सांगा. तो फोम आतल्या आत धुमसतो आणि धूर जीवघेणा असतो. कापायचं ते जिगसॉने, जोडायचं ते रिव्हेटने.

आणि मालाची मोठी दारं फक्त बाहेरून बंद होतात, बाहेरूनच उघडतात. लॅबला माणसांचं वेगळं दार हवंच, बाहेर उघडणारं, आतून ढकललं की सुटणारं. शक्य असेल तर दुसऱ्या टोकाला अजून एक.

नाशिकहून एक पॅथॉलॉजिस्ट: आमच्याच शहरात फिरत्या बीएसएल-३, म्हणजे धोकादायक जंतू हाताळायच्या तिसऱ्या सुरक्षा पातळीच्या लॅबचं लोकार्पण झालं होतं. तशी खाजगी करता येईल का?

फेब्रुवारी २०२२ मध्ये झालं ते, आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची लॅब, मुंबईच्या क्लेनझेड्स कंपनीने बांधलेली. पुढे २०२३ मध्ये निपाह विषाणूच्या साथीच्या वेळी तीच फिरती लॅब पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संस्थेमार्फत केरळातल्या कोझिकोडला गेली, नमुने पुण्याला पाठवायचा वेळ वाचला. मला त्या कामाचा फार अभिमान वाटतो.

पण तुम्हाला ती करायला मी सांगणार नाही डॉक्टर. बीएसएल-३ म्हणजे आतला दाब कायम बाहेरपेक्षा कमी, खोलीगणिक उतरता, बाहेर जाणारी सगळी हवा हेपा, म्हणजे जंतूही अडवणाऱ्या बारीक फिल्टरमधून, आणि वीज गेली तरी क्षणभरही हवा उलटी फिरता कामा नये. शिवाय सगळं सील असल्याची चाचणी गाडी हलवल्यावर पुन्हा. हे यंत्रांपेक्षा माणसांवर चालतं, रोजच्या सरावावर. तुमच्या कामाला, म्हणजे टीबीचं मॉलिक्युलर निदान, डेंग्यू, फ्लू, बीएसएल-२ चा चांगला कंटेनर पुरतो. त्यात तीन कप्पे करा: रिएजंटचा, नमुन्याचा, पीसीआर मशीनचा, आणि माणूस एकाच दिशेने जाईल, मशीनच्या खोलीतून परत रिएजंटकडे येणार नाही असं दार ठेवा. सेफ्टी कॅबिनेट, म्हणजे जंतूंचे नमुने उघडायचं हवेच्या पडद्याचं कपाट, दाराच्या आणि एसीच्या झोतापासून लांब. कंटेनरमध्ये हीच चूक सगळ्यात जास्त दिसते, कारण जागाच नसते आणि लोक जिथे बसेल तिथे बसवतात.

सातारा: लॅब दर आठवड्याला हलते. कॅलिब्रेशन दर वेळी करावं लागेल का? एनएबीएलची मान्यता मिळते का फिरत्या लॅबला?

मिळते. आयएसओ १७०२५ या लॅबच्या मानकामध्ये फिरत्या जागा धरलेल्याच आहेत. पण हलवल्यावर उपकरण ठीक आहे हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

आमची एक पाण्याची लॅब घाट उतरून गेली होती, चार दशांशाचा तराजू होता. ऑपरेटरने चालू केला, शून्य दाखवलं, काम सुरू. संध्याकाळी १०० ग्रॅमचं वजन ठेवलं तर आकडा दुसऱ्या दशांशातच चुकलेला. बुडबुडा वर्तुळाच्या बाहेर गेला होता, ट्रेलर एका बाजूला दोन बोटं कललेला. त्या दिवसाचे एकोणीस नमुने पुन्हा केले आणि ज्या ग्रामपंचायतींना रिपोर्ट गेला होता त्यांना आम्ही स्वतः फोन केले. तेव्हापासून पोचल्यावरचा क्रम ठरलेला आहे, आधी चारही जॅक खाली आणि पाणसळीने लेव्हल, मग एसी चालू करून निदान तासभर थांबणं, मग तराजूला तपासणीची वजनं, पीएच मीटरला बफर, फोटोमीटरला माहीत असलेलं स्टँडर्ड, सगळं वहीत सहीसकट. तराजू प्रवासात त्याच्या पेटीत जातो, ओट्यावर नाही. सेफ्टी कॅबिनेट असेल तर ते हलवल्यावर पुन्हा तपासून घ्यायचं असतं, दर आठवड्याला ते परवडत नाही, म्हणून आठवड्याला हलणाऱ्या लॅबमध्ये कॅबिनेटचं काम ठेवूच नका, ते मुख्य लॅबला पाठवा.

वास्को, गोव्याहून एक विद्यार्थी: कंटेनरची लॅब फार तर आठ-दहा वर्षं टिकते असं ऐकलं. खरं का?

तुझ्याच गावातल्या एनसीपीओआर या ध्रुवीय संशोधन संस्थेकडे याचं उत्तर आहे. अंटार्क्टिकातलं आपलं भारती स्टेशन, २०१२ मध्ये सुरू झालं, ते १३४ कंटेनर जोडून उभं केलंय, राहायच्या खोल्या, लॅब सगळं त्यात. पण बाहेरून बघितलंस तर एकही कंटेनर दिसत नाही, कारण सगळ्यांवर इन्सुलेशनसकट ॲल्युमिनियमचं आवरण आहे आणि अख्खी इमारत खांबांवर उचललेली आहे. टिकण्याचं गुपित तेच, पत्र्याला हवामान लागू द्यायचं नाही आणि पोटाखाली पाणी-बर्फ साचू द्यायचा नाही. गोव्याच्या खाऱ्या हवेत उघडा ठेवलास, थेट मातीवर टेकवलास, तर खालून गंजणारच.

परभणीहून एका लॅब टेक्निशियनचा दोन ओळींचा प्रश्न: पावसात कंटेनरचं दार धरलं की हाताला झिणझिण्या येतात. जनरेटरवर असलो की जास्त. काही करावं लागेल का?

ताई, हे वाचताय तेव्हा लॅब चालू असेल तर आधी मेन स्विच बंद करा, रबरी चप्पल घालून, कोरड्या हाताने. त्या झिणझिण्या म्हणजे करंट बॉडीत उतरलाय. ट्रेलर रबरी टायरवर उभा असतो, त्यामुळे करंटला जमिनीत जायला रस्ता नाही, ओल्या जमिनीवर उभं राहून तुम्ही दार धरता तेव्हा तो रस्ता तुम्ही होता. बॉडीला आणि जनरेटरला जाड तांब्याची वायर आणि जमिनीत ठोकलेला अर्थिंगचा रॉड, प्रत्येक थांब्यावर, बाकी काही जोडायच्या आधी. पॅनेलमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आणि त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं, ट्रिप झाला नाही तर बदलायचा. जनरेटर आणि मेन लाईन एकदम जोडली जाणार नाही असा चेंजओव्हर आहे का तेही बघून घ्या. बहुतेक वेळा दोषी असतो गीझर, ऑटोक्लेव्ह किंवा डिस्टिल्ड वॉटरच्या युनिटचा हीटर, पण ते शोधायचं काम लायसन्सवाल्या वायरमनचं आहे, तुमचं नाही. तो येऊन मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर लावून तपासेपर्यंत लॅब बंद ठेवा. साहेब विचारतील नमुने का थांबले, तर हे उत्तर त्यांना दाखवा आणि मला लगेच कळवा, मी त्यांच्याशी बोलेन.