सोळावर एसी आणि अंगावर शाल

प्रश्न: नमस्कार, मी फोंड्याला एका छोट्या ऑफिसात अकाउंट्स बघते. लाईट बिल वाढतच चाललंय म्हणून साहेबांनी प्रत्येक बटनाखाली "जाताना बंद करा" अशी चिठ्ठी चिकटवलीय, सगळे पाळतातही, तरी बिल काय खाली येत नाही. दीड टनाचे दोन जुने एसी आहेत, एकाच्या खाली बसणारी दिवसभर शाल घेऊन असते आणि पश्चिमेच्या खिडकीकडचे दोघे जेवून आले की रिमोट १६ वर नेतात. रोज त्यावरून कुरबुर. काय करावं?

उत्तर: चिठ्ठी चांगलीय, पण पहिली चिकटवायची होती ती रिमोटवर. हिशेब बघा, दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना साधारण दीड किलोवॅट ओढतो आणि एलईडी ट्यूब वीस वॅट, म्हणजे एक एसी बरोबर पाऊणशे ट्यूब! तुमच्याकडे असतील दहा-बारा, त्या सगळ्या विझवून अंधारात बसलात तरी बिलाला पत्ता लागायचा नाही.

आता ते १६. जुन्या, म्हणजे इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारं तंत्र, घरातला बॅटरीवाला नव्हे) नसलेल्या एसीचा कॉम्प्रेसर एकतर चालू असतो नाहीतर बंद, १६ केलं म्हणून तो जास्त जोर लावत नाही, फक्त थांबायचं नाव घेत नाही, कारण आपल्या मे महिन्यात खोली १६ पर्यंत जाणार कधी? ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सी या केंद्र सरकारच्या वीजबचत संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे एक डिग्री वर नेली की साधारण ६ टक्के वीज वाचते, आणि १ जानेवारी २०२० पासून तर स्टार लेबलवाल्या नव्या रूम एसीचं डिफॉल्ट २४ ठेवणं कंपन्यांना सक्तीचं केलंय. तुम्ही २५-२६ वर ठेवा आणि वर पंखा हळू फिरू द्या. एसी लावला की पंखा बंद करायचा ही आपल्याकडची सवय मला कधी कळलीच नाही, गोव्यात माणूस हैराण होतो तो दमटपणाने, घाम सुकत नाही म्हणून, आणि वारा लागला की तो सुकतो. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा घेतलात तर तीस. पावसात गरमी कमी पण चिकचिक जास्त, तेव्हा रिमोटवरचा ड्राय मोड लावून बघा. कूलर मात्र कुणी सुचवला तर हात जोडा, तो हवेत आणखी ओल सोडतो.

कुरबुरीचं मूळ मला त्या खिडकीत दिसतं. दुपारनंतरचं ऊन थेट पाठीवर घेऊन बसलं तर कुणीही १६ च करेल, तिथे जाड पडदा किंवा ब्लाइंड लावा, जमलं तर काचेबाहेर छप्पर. आणि शालवाल्या ताईंसाठी एसीची पट्टी वर करा, गार हवा आपोआप खाली येते.

फिल्टर कधी काढलाय? पुढचं झाकण उचला, जाळी ओढा, गोधडीतल्या कापसासारखा करडा थर हाताला येईल. नळाखाली धुवायचा, सावलीत वाळवायचा, शिपायाचं दहा मिनिटांचं काम. मिरामार, वास्कोकडे ज्यांची ऑफिसं आहेत त्यांनी बाहेरचं युनिटही धुवून घ्यावं, खाऱ्या हवेने त्याच्या पत्र्या गंजतात आणि मग एसी नुसता घरघरतो.

प्रश्न: म्हापशात दुकान आहे, नवीन एसी घ्यायचाय. ३ स्टार की ५ स्टार? फरक वसूल होतो का?

उत्तर: घरी रात्रीपुरता लावणाऱ्याला वेळ लागतो, दुकानदाराचा लवकर होतो. लेबलवर जे वर्षाचे युनिट छापलेले असतात ते १६०० तासांचे धरलेले असतात, तुम्ही रोज आठ तास आणि महिन्याला पंचवीस दिवस लावलात तर वर्षाचे २४०० होतात. म्हणजे दोन्ही लेबलांवरच्या युनिटमधला फरक दीडपट करायचा आणि आपल्या वीज खात्याच्या बिलावरच्या दराने गुणायचा. लेबलवरचं सालही बघा हां, स्टारचे निकष मधून मधून कडक होतात, सेलमध्ये पडलेला जुना ५ स्टार आजचा ५ स्टार असेलच असं नाही. आणि दुकानाचं दार दिवसभर सताड उघडं ठेवणार असाल तर आधी दाराला ऑटोमॅटिक क्लोजर बसवा, मग स्टार मोजा.

प्रश्न: कॉम्प्युटरवर स्क्रीनसेव्हर लावला की वीज वाचते ना?

उत्तर: नाही हो. ते पोहणारे मासे दाखवायलाही स्क्रीन चालूच असते. सेटिंगमध्ये जाऊन पाच-दहा मिनिटांत स्क्रीन बंद आणि थोड्या वेळाने स्लीप असं लावून टाका, आणि संध्याकाळी निघताना प्रिंटरसकट भिंतीवरचं बटन बंद.